टेनिसनचे तीन नाताळ आणि आखाजीची घागर

आपल्या शोकगीतांत सणाला जागा नसते, असें एखाद्या अभ्यासकास वाटल्यास त्यांत त्याचा फारसा दोष नाहीं. गोविंदाग्रजांचें ‘राजहंस माझा निजला’ घ्या. मेलेलें मूल निजलें आहे अशी समजूत करून घेणारी माता आणि तें मूल यांपलीकडे त्या कवितेचें जग जात नाहीं. तेथें तिथि नाहीं, वार नाहीं, पेटवावयाची चूल नाहीं. कवितेचें बळ त्यांतच आहे, हें मला मान्य आहे. पण तो शोकाचा पहिला प्रहर झाला. दोन महिन्यांनीं दिवाळी आली म्हणजे त्या घरांत काय होतें, हा प्रश्न ती कविता विचारीत नाहीं. तिनें तो विचारावा असें म्हणणें अरसिकपणाचें होईल. मात्र कोणीतरी तो विचारावयास हवा.

टेनिसननें तो विचारला. आर्थर हॅलम सप्टेंबर १८३३ मध्यें व्हिएन्ना येथें वारला, तेव्हां तो अवघा बावीस वर्षांचा होता. टेनिसनच्या एमिली ह्या बहिणीशीं त्याचा विवाह ठरला होता. म्हणजे गेला तो केवळ मित्र नव्हता, घरचा होऊं घातलेला जांवईही होता. ‘इन मेमोरियम’ प्रसिद्ध झालें १८५० मध्यें. त्याच्या १३१ खंडांत तीन नाताळ येतात, आणि मला विचाराल तर त्या लांबट काव्याचा कणा तेच आहेत. भूस्तरशास्त्र व श्रद्धा यांच्या झगड्याचे जे खंड परीक्षेस हटकून विचारले जातात, ते मागाहून वाचले तरी चालतील.

पहिल्या नाताळास घरचीं माणसें रिवाजाप्रमाणें हॉलीच्या डहाळ्या गुंफतात, खेळ मांडतात, आनंदाचा आव आणितात. आणि आपणांकडे कोणी तरी मुकाट्यानें पाहात आहे ह्या भावनेनें अवघडून जातात. मग गेल्या सालीं त्याच्यासह गाइलेलें गाणें गाऊं लागतात आणि डोळे भरून येतात. दुसऱ्या नाताळास कोणीच रडत नाहीं. ह्याचेंच कवीला भय वाटतें: दुःखही झिजतें कीं काय? तिसऱ्याच्या वेळीं तें जुनें घर सुटलेलें आहे, घंटा परक्या आहेत, आणि कवि म्हणतो, हॉली यंदा झाडावरच राहूं द्या. वस्तुतः टेनिसन कुटुंबानें सॉमर्स्बी सोडलें १८३७ मध्यें, म्हणजे मधले नाताळ कवीनें गाळले आहेत. तीन हा आंकडा शोकाचा नव्हे, रचनेचा आहे.

हा तिसरा नाताळ मीं अनेक वर्षें वर्गांत ‘रूढीपासून मुक्त झालेला शोक’ म्हणून शिकविला. मोठ्या आवेशानें शिकविला. गेल्या वैशाखापासून माझी त्या वाक्यावरील निष्ठा उडाली आहे.

खानदेशांत अक्षय्य तृतीयेस आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईचीं गाणीं म्हणतात. त्याच दिवशीं, त्याच घरांत, पितरांच्या नांवानें नवी घागर पाण्यानें भरून पुजतात. तीवर खरबूज, आंबे ठेवतात, आणि चुलींतील निखाऱ्यावर पुरणपोळीचा घांस आगारी म्हणून टाकितात. ज्या घरीं वर्षांत मृत्यु घडला असेल, त्या घरीं ही घागर जड होते. आमच्याकडे गेल्या पौषांत माझी पत्नी गेली. आखाजीस मुलगी शहाद्याहून आली, तिनें घागर भरली. गल्लींत झोक्यावर पोरी गात होत्या. तें मला सोसेना, म्हणून मी खिडकी लावावयास उठलों. मुलगी म्हणाली, “राहूं द्या, बाबा. आईला ऐकूं येऊं दे.”

टेनिसनच्या घरीं मृत हा सावली आहे. तो पाहतो, आणि त्याच्या पाहण्यानें उत्सव खजील होतो. येथें तो पाहुणा आहे. त्याला तहान आहे, आवडीनिवडी आहेत. हा भेद धर्माचा म्हणून सोडून देतां येईल, पण तो काव्याचाही आहे. झोक्यावरचीं गाणीं मृताचें नांव घेत नाहींत. माहेरीं यावें, चार दिवस राहावें आणि परत जावें, एवढाच त्यांचा विषय. लेक अशी येते, गौराई अशी येते, आणि घागरीवर बोलाविलेला पितरही असाच येतो. एका अंगणांत हीं तिन्ही येणींजाणीं चाललेलीं असतां त्या गाण्यांस निराळें शोकगीत जोडण्याची गरज उरत नाहीं.

ह्या अंगणाचें गुणगान मात्र बेतानें केलें पाहिजे. बहिणाबाई चौधरींची ‘आखजी’ ही कविता झोक्यानें व माहेराच्या ओढीनें भरलेली आहे. आणि कुंकू पुसलें गेल्याचें, बांगड्या फुटल्याचें दुःख त्यांनीं सांगितलें तें दुसऱ्या कवितेंत. त्यांना तरुणपणींच वैधव्य आलें होतें. १९५२ च्या त्यांच्या संग्रहांत हीं दोन्ही गाणीं आहेत, पण एकाच गाण्यांत नाहींत, आणि ह्याचें कारण कवयित्रीच्या प्रतिभेंत शोधूं नये. मेलेल्याला सणाचें आमंत्रण देणाऱ्या घरानें त्याच्या जिवंत विधवेस हळदीकुंकवापासून दूर बसविलें. घागर तीच भरी, झोका तिचा नसे. मी विधुर, मला कोणी कोठून उठविलें नाहीं. तेव्हां माझ्या समाधानास किती किंमत द्यावी, हें वाचकांनींच ठरवावें.

स्मरणाचा दुसरा प्रकारही आमच्या गांवीं आहे. नंदुरबारांत ९ सप्टेंबर १९४२ रोजीं गोळीबारांत शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. तिथीनें पाहिल्यास तो पोळ्याच्या आदला दिवस. पण गांवाला तारीख आठवते, आणि तें योग्यच आहे, कारण हौतात्म्य इतिहासाचें असतें. घरचें माणूस पंचांगांतून परत येतें, आणि पंचांग त्याला नेमकें सणाच्या गर्दींत आणून सोडतें.

टेनिसनचे हे खंड मराठींत आणणाऱ्यास एक विनंति आहे. नाताळाच्या जागीं सरसकट दिवाळी योजूं नये. दुःखाच्या घरीं पहिल्या दिवाळीस आकाशकंदील लागत नाहीं, फराळ शेजारून येतो. ती दिवाळी तिसऱ्या नाताळास शोभेल, जेथें हॉली झाडावरच राहिली. पहिल्या नाताळास, जेथें रडतां रडतां गाणें सुरू होतें, आखाजीच घ्यावी लागेल. दुसऱ्यास काय घ्यावें, तें मला अजून सुचलेलें नाहीं. यंदाच्या वैशाखांत आमच्या घरीं घागर भरली गेली, खिडकी उघडी होती, आणि त्या दिवशीं कोणी रडलें नाहीं.