गाव, घर आणि हात : नांदेड-लातूर परिसरातील दूरचित्रवाणीच्या स्वस्त पर्यायांची एक चिकित्सा

केबलची जोडणी ठेवावी, की ती तोडून इंटरनेटवरून येणाऱ्या एखाद्या स्वस्त सेवेचा आश्रय करावा, हा प्रश्न आज नांदेड आणि लातूर या शहरांत, तसेच त्यांच्या भोवतालच्या तालुक्याच्या गावांत, घरोघर निघतो. त्याचे उत्तर बहुधा बेरीज-वजाबाकीने दिले जाते. एका रकान्यात केबलवाल्याचे मासिक शुल्क, दुसऱ्यात सेवेची वर्गणी, तिसऱ्यात वाहिन्यांची संख्या. ज्या ओळीत खर्च कमी आणि संख्या अधिक ती ओळ सरस. तुलनेचा हा प्रकार वरवर निरुपद्रवी दिसतो. वस्तुतः त्यात एक गृहीत दडलेले आहे : तुलना होणाऱ्या वस्तू एकाच जातीच्या आहेत, हे ते गृहीत होय. ते तपासल्यावाचून या निवडीविषयी काही निश्चित बोलता येणार नाही.

त्यासाठी थोडे मागे जावयास हवे. उपग्रहाच्या साहाय्याने ग्रामीण दूरचित्रवाणीचा भारतातील पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा मात्र कर्नाटकाच्या वाट्यातून त्यात होता. म्हणजे उपग्रहाचे चित्र मराठवाड्याच्या कुंपणापर्यंत येऊन थांबले. त्या प्रयोगातील संच साऱ्या गावाचा होता. प्रेक्षक म्हणजे गाव, असेच त्या योजनेचे एकक होते. पुढे १९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आणि केबल आली, औरंगाबादजवळच्या चितेगावी तयार झालेले रंगीत संच मराठवाड्याच्या घरांतून दिसू लागले, आणि एकक बदलले. आता प्रेक्षक म्हणजे घर. १९९५ च्या केबल कायद्याने या व्यवस्थेला कायदेशीर चौकट दिली; तिचे सामाजिक रूप त्याआधीच ठरून गेलेले होते. इंटरनेटवरील सेवा ही या क्रमातील तिसरी पायरी असून तिचे एकक हात हे आहे. गावाला, घराला आणि हाताला दिलेल्या वस्तूंची किंमत एकाच रकान्यात मांडणे म्हणजे विहिरीचे, हौदाचे आणि तांब्याचे पाणी केवळ लिटरवर मोजण्यासारखे होय. (लातूरकरांना २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लिटराचा हिशेबही जीवनमरणाचा होता, हे खरे, पण ते पाणी कोणाच्या दारी व कोणाच्या घागरीत पोहोचले हा प्रश्न तेव्हाही लिटरांनी सुटत नव्हता.)

केबलची बाजू घेताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. एका गल्लीत एकच केबलवाला, त्याच्या मर्जीवर वाहिन्यांचा क्रम, पावती मागितली तर कपाळाला आठी, आणि ग्राहकांची खरी संख्या ठाऊक फक्त त्यालाच. ही स्थिती दोन दशके सर्वत्र होती. डिजिटायझेशनचा आग्रह मुख्यतः याच अपारदर्शकतेतून निघाला. २०११ अखेरच्या दुरुस्तीनंतर प्रथम चार महानगरे, मार्च २०१३ पर्यंत औरंगाबादसह अडतीस शहरे आणि तिसऱ्या टप्प्यात नांदेड-लातूरसारखी उर्वरित नागरी क्षेत्रे असा क्रम ठरला. तिसऱ्या टप्प्याची ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत न्यायालयीन वादांतून लांबत २०१७ च्या आरंभापर्यंत गेली. परंतु सेट-टॉप बॉक्स आल्याने ग्राहक मोजला गेला. त्याला निवड मिळाली असे मात्र म्हणता येत नाही. निवडीचे वचन २०१९ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या दररचनेने दिले. शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी जास्तीत जास्त १३० रुपये आणि शुल्काच्या वाहिन्यांचे पैसे वेगळे, अशी ती रचना होती. झी मराठीचा दर तेव्हा १९ रुपये होता. केवळ ही एक मराठी वाहिनी शुल्क देऊन घेतली तरी १४९ रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १७५ रुपये ८२ पैसे होत. ज्या घराला त्यापूर्वी सरसकट सर्व काही मिळत होते, त्याला या हिशेबात स्वातंत्र्य दिसले नाही, वाढ दिसली. केबल सोडण्याची प्रवृत्ती या क्षणी बळावली, यात नवल नाही. पुढे २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या आल्या आणि २०२४ च्या जुलैत ही कमाल मर्यादाच उठली. दरम्यान फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठे प्रसारक आणि केबल कंपन्या यांच्या दरविवादात काही दिवस अनेक घरांतील वाहिन्या बंद पडल्या. त्या भांडणात ग्राहकाचा काही दोष नव्हता. पण पडदा त्याचा काळा झाला.

आता स्वस्त सेवेकडे वळावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार ही एकत्रित सेवा सुरू झाली तेव्हा तिची सर्वांत स्वल्प वर्गणी तीन महिन्यांस १४९ रुपये होती. केबलच्या एका महिन्याच्या खर्चात तीन महिने, हा हिशेब कोणालाही मोह घालील. परंतु ती वर्गणी एका मोबाइलपुरती होती. भिंतीवरच्या संचावर तिचा उपयोग नव्हता. दोन उपकरणांसाठी २९९ आणि चारांसाठी ४९९ रुपये असे पुढचे दर होते. म्हणजे ‘स्वस्त’ या विशेषणाचा अर्थच ‘एकट्यासाठी’ असा होता. शिवाय वर्गणीच्या खाली रिचार्ज असतो. जुलै २०२४ च्या दरवाढीत रोजच्या दीड गिगाबाइटचा अठ्ठावीस दिवसांचा जिओचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ रुपये झाला. साधारण दर्जाच्या चित्राला तासास अर्धा ते एक गिगाबाइट लागतो, हे लक्षात घेतले तर दीड गिगाबाइटात दोन-तीन तासांपलीकडे जाता येत नाही. संध्याकाळी सहापासून रात्री साडेदहापर्यंत ज्या घरात संच चालू असतो, तेथे हे गणित जुळत नाही. जेथे तारेचे ब्रॉडबँड आहे तेथे ते जुळते. पण मग त्या ब्रॉडबँडचे शुल्क तुलनेच्या कोष्टकात कोठे जाते, हे विचारावयास हवे. ते बहुधा कोठेच जात नाही.

तथापि पैशाचा मुद्दा येथे गौणच आहे. अधिक महत्त्वाचा प्रश्न कलाकृतीचा आहे. मराठी दैनंदिन मालिका हा साहित्यप्रकार म्हणून कितीही सामान्य मानला, तरी त्याचे घटनातत्त्व स्पष्ट आहे : ठरलेली वेळ, ठरलेला खंड आणि उद्यापर्यंतची प्रतीक्षा. तिच्या संथपणाची, पुनरुक्तीची, पार्श्वसंगीताच्या आघातांची चेष्टा समीक्षकांनी पुष्कळ केली. पण ही सारी लक्षणे कणीक मळता मळता, पोरांना दटावता दटावता, अर्धे लक्ष देऊन पाहणाऱ्या प्रेक्षकाला धरून आलेली आहेत. कीर्तनकारही उशिरा येऊन बसलेल्या श्रोत्यासाठी पूर्वरंगाचा धागा पुन्हा उचलतोच. तीच मालिका जेव्हा हातातल्या पडद्यावर, एकट्याने, कानात यंत्र घालून पाहिली जाते तेव्हा तिची पुनरुक्ती निरर्थक ठरते आणि प्रेक्षक बोटाने ती पुढे सरकवतो. झी५ सारख्या सेवेने वर्गणीदारांना दूरचित्रवाणीच्या आधीच भाग दाखविण्याची सोय केली, तेव्हा तर प्रतीक्षेचे तत्त्वच विकावयास काढले. ज्या घरात सुनेने आजचा भाग दुपारीच पाहिला आहे आणि सासू तो रात्री पाहणार आहे, त्या घरात मालिकेविषयीचे बोलणे बंद होते. बोलले तर रसभंग, न बोलले तर मौन. आणि हातात स्वतःचा स्मार्टफोन नसलेली घरातील व्यक्ती बहुधा वृद्ध स्त्री असते. केबल तोडण्याचा निर्णय घेणारा क्वचितच तिला विचारतो. कोष्टकात तिचा रकाना नाही.

‘थेट’ या शब्दाचीही अशीच परीक्षा व्हावयास हवी. इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण बहुधा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही, मागे असते. क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या घरातून आरोळी आधी येते आणि चौकार नंतर दिसतो, हा अनुभव आता विनोदाचा विषय झाला आहे. क्रीडेच्या बाबतीत कायद्याचीही एक गंमत आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसारभारतीस देण्याची सक्ती २००७ च्या कायद्याने केली. परंतु ते संकेत दूरदर्शनने आपल्या भूप्रक्षेपणावर आणि आपल्याच मोफत डिशवर दाखवावेत, केबलवाल्यांमार्फत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. परिणामी काहीही शुल्क न देणाऱ्या डिशवर जो सामना दिसतो तो पैसे मोजणाऱ्या केबलग्राहकास दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसत नाही. आयपीएल या कायद्याच्या कक्षेत नाही. तिचे सामने २०२३ व २०२४ या हंगामांत जिओसिनेमावर विनामूल्य होते. २०२५ मध्ये ते वर्गणीखाली आले. कोणत्या वर्षी तुलना केली यावर उत्तर बदलावे, इतकी ही स्वस्ताई अल्पायुषी आहे.

येथे मोफत डिशचा विचार ओघानेच येतो. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. डिश आणि बॉक्स यांचा एकवारचा खर्च सोडला तर तिला मासिक शुल्क नाही. रेंज नसलेल्या शिवारातही ती चालते. एकक घर हेच राहते, हा तिचा मोठाच गुण आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात तिच्यासारखा दुसरा पर्याय नाही, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तिच्यावरील खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. जी वाहिनी जाहिरातीतून बोलीची रक्कम भरून काढू शकते तीच तेथे येते. मासिक शुल्काच्या मोठ्या मराठी वाहिन्या तेथे नाहीत. सह्याद्री आहे, आणि जाहिरातीवर जगणाऱ्या काही मराठी वाहिन्या आहेत; बाकी भार हिंदीचा. गरीब मराठी घराला आपल्या भाषेतील ताजी मालिका हवी तर पैसे मोजावे लागतात आणि हिंदी फुकट मिळते, ही विषमता एखाद्या धोरणाने ठरवून आणलेली नाही, बोलीच्या हिशेबातून आलेली आहे. पण म्हणून ती कमी गंभीर ठरत नाही.

भाषेचा हा प्रश्न सीमेवर अधिकच गुंतागुंतीचा होतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद येथील कितीतरी घरांत मराठीबरोबर तेलुगू नांदते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि दोन्ही जिल्ह्यांत दखनी उर्दू. हे निजामी राज्याच्या बहुभाषिकतेचे अवशेष नव्हेत, चालू व्यवहार आहेत. जुनी केबल सरसकट असल्यामुळे शेजाऱ्याची भाषा बोटाच्या चाळ्यात सहज लागत असे. वाहिनीवार दराच्या व्यवस्थेत दुसरी भाषा म्हणजे दुसरा खर्च झाला. मोबाइलवरील सेवेत भाषा विपुल आहेत, पण आरंभीच आपली भाषा निवडा असे ती सांगते, आणि पुढे जे पाहिले तेच अधिक दाखवीत राहते. दोन भाषांचे घर तेथे दोन एकभाषिक हातांत विभागले जाते. याला एक सुंदर अपवाद नांदेडातच आहे. सचखंड हुजूर साहिबमुळे येथे वसलेल्या शीख कुटुंबांना अमृतसरची गुरबाणी ऐकण्यासाठी पूर्वी उपग्रहवाहिनीवर विसंबावे लागे; जुलै २०२३ पासून शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती ती स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवरून देते. येथे इंटरनेटने केबलची जागा खरोखरच घेतली, कारण श्रोत्याला नेमके एकच हवे होते आणि ते विनामूल्य होते.

लातूरच्या शिकवणीवर्गांच्या भागात चित्र पुन्हा निराळे आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकाने आलेले विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत राहतात. तेथे घर नाही, संच नाही, हातच आहे. अशा वाचकाला केबलचे गुणगान ऐकविणे व्यर्थ होय. त्याच्यासाठी रिचार्जबरोबर मिळणारी जिओटीव्हीसारखी सेवा, ती त्याच कंपनीच्या सिमकार्डापुरती असली तरी, पुरेशी आहे. प्रसारभारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात सुरू केलेल्या ‘वेव्हज’वरही थेट वाहिन्या आहेत आणि मराठीस स्थान आहे. पण या विद्यार्थ्याला जे योग्य तेच अहमदपूरच्या एकत्र कुटुंबाला योग्य, असे जेव्हा कोष्टक सांगते तेव्हा ते चुकते. त्या कुटुंबाने चार मराठी वाहिन्या वेचून केबल वा डिश ठेवावी आणि क्रिकेटच्या हंगामापुरती एक वर्गणी घ्यावी. शिवारातील घराने मोफत डिश घ्यावी आणि तिच्यातील मराठीच्या तुटवड्याविषयी तक्रार चालू ठेवावी. तीन घरांसाठी तीन उत्तरे, यापेक्षा सोपा निर्णय या सामग्रीतून निघत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याच पर्यायात केबलची बरोबरी करीत नाही, आणि ती म्हणजे केबलवाल्याची स्थानिक वाहिनी. ओबडधोबड छायाचित्रण, खाली धावणाऱ्या दुकानांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मध्येच एखादा जुना चित्रपट. अभिरुचीच्या दृष्टीने तिचे समर्थन अवघड आहे. पण माळेगावची यात्रा, गणेशविसर्जनाची मिरवणूक, विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्यावर गोदाकाठच्या वस्तीला द्यावयाची सूचना, यांना मुंबईहून वा परदेशी भांडवलावर चालणाऱ्या सेवेत जागा नाही. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी केबल कंपन्यांना अशा स्वतःच्या वाहिन्यांसाठी एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. गल्लीतील जोडण्या जसजशा तुटतात तसतसा त्या वाहिनीचा जाहिरातदार आधी जातो, मग छायाचित्रकार, आणि शेवटी तिच्या क्रमांकावर जुन्या चित्रपटांची फीत दिवसभर फिरत राहते.