मांडीवरील पोलादी गिटार व त्याचा कर्ता

मांडीवर आडवें ठेवून पोलादी कांबीनें वाजवावयाचें हवाईयन गिटार अमेरिकेंत ‘लॅप स्टील’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या जुन्या व दुर्मिळ नगांचा कर्ता ठरविण्याची एक सोपी पद्धति संग्राहकांत रूढ आहे. ती अशी कीं, माथ्यावरील पट्टीवर ज्याचें नांव, तोच कर्ता. पोथीच्या पुठ्ठ्यावर मालकाचें नांव वाचून त्यालाच ग्रंथकार मानावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

पूर्वपक्ष असा कीं, नांव घालणारानें वाद्याची जबाबदारी पत्करलेली असते. परंतु जबाबदारी पत्करणें निराळें आणि घडविणें निराळें. ‘एअरलाइन’ हें नांव माँटगोमेरी वॉर्ड या टपालानें माल विकणाऱ्या पेढीचें. ती स्वतः वाद्यें घडवीत नसे. शिकागोचे व्हाल्को, के व हार्मनी हे कारखाने तिला माल पुरवीत. म्हणजे एका नांवामागें तीन कर्ते उभे आहेत. क्लीव्हलंडच्या ‘ओआहू’ संस्थेचेंहि तसेंच. ती गिटारचे धडे छापी व इतरांनीं घडविलेलीं वाद्यें आपल्या नांवानें विकी. सारांश, ही पट्टी पुष्पिका नव्हे, विक्रेत्याची मुद्रा होय.

मग प्रमाण कोणतें? अंतरंग उघडून पाहावें. विजेच्या वाद्यांत आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाच्या पाठीवर पुष्कळदां अंक ठोकलेले असतात. ‘३०४५३२०’ असे अंक आढळल्यास ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ५३ म्हणजे १९५३ साल व २० म्हणजे त्या सालचा विसावा आठवडा. यावरून वाद्याची पूर्वमर्यादा तेवढी ठरते. सुटे भाग कोठारांत पडून राहात असल्यामुळें उत्तरमर्यादा ठरत नाहीं. शिवाय मूळचा डाख हललेला दिसला तर तो भाग प्रक्षिप्त असण्याचा संभव आहे. खुंट्यांवरूनहि घाईनें निर्णय करूं नये. क्लूसनच्या खुंट्या गिब्सन, व्हाल्को, के असे अनेक कारखानदार वापरीत. एका लक्षणानें कर्ता सिद्ध होत नाहीं. अनेक लक्षणांची एकवाक्यता पाहिजे.

‘फ्राइंग पॅन’ या प्रख्यात वाद्याच्या बाबतींत तर ‘कर्ता’ हा शब्दच तपासावा लागतो. त्याच्या माथ्यावर प्रथम ‘इलेक्ट्रो’ व पुढें त्यासह रिकनबाखर हें नांव आलें. पण तारांभोंवतीं नालाकृति लोहचुंबक बसविण्याची युक्ति जॉर्ज बोशँप याची. १० ऑगस्ट १९३७ रोजीं मिळालेलें पेटंटहि त्याच्याच नांवें आहे. १९३१ सालचा मेपल लाकडाचा पहिला नमुना कोरला हॅरी वॉटसन यानें. १९३२ पासून विक्रीस आलेलीं ॲल्युमिनियमचीं ओतीव वाद्यें अडॉल्फ रिकनबॅकर ज्या कंपनीचा भागीदार होता तिनें काढलीं. येथें ग्रंथकार, लेखक व आश्रयदाता हे तिघे वेगळे असून पट्टीनें तिसऱ्याचें नांव तेवढें राखलें आहे.

म्हणून सूचीकारांनीं कल्पक, कारागीर, कारखाना व विक्रेता अशीं चार सदरें स्वतंत्र ठेवावीं, आणि ज्यास प्रमाण नाहीं तें रिकामें सोडावें. रिकामें सदर पुढील संशोधकास शोधाची दिशा दाखवितें. खोटें भरलेलें सदर मात्र वाद्याची किंमत फुगवितें आणि वॉटसनसारख्या कारागिराचें नांव कायमचें पुसून टाकतें.