बायकोसाठी यादी, स्वतःसाठी वाट

मराठीत ऑटिझमचं निदान डॉक्टरकडे जायच्या आधीच झालेलं असतं. घुमा, एककल्ली, माणूसघाणा, विक्षिप्त, तुसडी, 'ती ना, आपल्याच नादात असते.' प्रत्येक घराण्यात एक काका असतो, जो लग्नाच्या हॉलमधून अक्षता पडल्या पडल्या गायब होतो. एक आत्या असते, जी पाहुणे आले की नेमकी माळ्यावरची आवराआवर काढते. त्यांना कुणी कुठे तपासायला नेलं नाही. एकदा शब्द सापडला की शोध घ्यायची गरज कुणाला वाटत नाही.

अधिकृत शब्द आहे 'स्वमग्नता'. तो ऐकायला बरा असला तरी आत्याला चिकटवलेल्या शब्दांचाच भाऊ आहे. मूळ ग्रीक 'ऑटोस', म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ यूजेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल लिहिताना 'ऑटिझम' हा शब्द घडवला. पुढे १९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं छापली, १९४४मध्ये व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी आणखी काही मुलांची. सगळी वर्णनं टेबलाच्या पलीकडे बसून केलेली. स्वमग्न माणूस बाहेरून कसा दिसतो हे त्यातून कळतं. त्याला मिक्सरचा आवाज कसा ऐकू येतो, हे कळत नाही. आणि ती मुलं मोठी झाली, त्यांनी लग्नं केली, त्यांना मुलं झाली, मग पुढे काय झालं, हेही त्यातून कळत नाही.

पडद्यावरही हीच अडचण आहे. तिथला ऑटिस्टिक माणूस एकतर लहान मूल असतो, नाहीतर 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी अटर्नी वू'सारखा असामान्य बुद्धीचा. 'माय नेम इज खान'मधल्या रिझवानला बायको आहे, सावत्र मुलगा आहे. पण सिनेमाला त्याच्या संसारापेक्षा त्याच्या निरागसतेत रस आहे. त्याचं सरळ बोलणं जगाला धडा शिकवायला वापरलं जातं. रात्री तीन वाजता रडणाऱ्या बाळाला घेऊन फेऱ्या मारणारा, दिवा लावला तर डोकं फुटेल म्हणून अंधारात दुधाची बाटली शोधणारा ऑटिस्टिक बाप किंवा आई मला कुठल्याच सिनेमात भेटली नाही. ती भेटते आठवणींच्या पुस्तकांत. त्यातल्या दोन पुस्तकांबद्दल हे लिहिते आहे: डेव्हिड फिंच यांचं 'द जर्नल ऑफ बेस्ट प्रॅक्टिसेस' (२०१२) आणि कॅथरीन मे यांचं 'द इलेक्ट्रिसिटी ऑफ एव्हरी लिव्हिंग थिंग' (२०१८). दोघांनाही संसाराच्या मध्यावर, पदरी लहान मुलं असताना कळलं की आपण ऑटिस्टिक आहोत. 'आस्परगर सिंड्रोम' हा शब्द दोन्ही पुस्तकांत आहे. २०१३पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तो वेगळा राहिलेला नाही, ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच मिसळला आहे.

*

फिंच इंजिनियर. लग्नाला पाच वर्षं झालेली, संसार कुरकुरतोय. बायको क्रिस्टन स्पीच थेरपिस्ट आहे आणि ऑटिस्टिक मुलांबरोबर काम करते. एका संध्याकाळी ती नवऱ्याला एक प्रश्नावली सोडवायला बसवते. उत्तर तिला आधीच माहीत आहे. निदान झाल्यावर फिंच जे करतो ते माझ्या धंद्यातला कुणीही करेल: तो लिहून काढतो. पाकिटांच्या मागे, चिठोऱ्यांवर, वहीत, चांगला नवरा होण्याचे नियम. बायको अंघोळीला गेली की तिला जरा निवांतपणा दे. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून फक्त आपला शर्ट उपसून घेऊ नकोस, सगळ्या घड्या घाल. मुलांबरोबर असशील तेव्हा मनानेही तिथे अस.

पुस्तक खरोखर विनोदी आहे. आणि मला ते फार ओळखीचं वाटलं, कारण आमच्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी बसून असंच लिहितात: काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून कोणती पायरी वाढवायची. फिंच संसाराचा असा अहवाल रोज लिहितो. ज्याला न सांगता कळत नाही, त्याने सांगितलेलं लिहून ठेवणं यात हसण्यासारखं काहीच नाही. उलट 'एवढंही कळत नाही का' या वाक्यावर वर्षानुवर्षं चालणाऱ्या संसारांपेक्षा ही वही कितीतरी प्रामाणिक आहे.

पण वहीचे नियम वाचताना एक गोष्ट हळूहळू खटकायला लागते. सगळे बाण एकाच दिशेने जातात. डेव्हिड बदलणार, डेव्हिड शिकणार, डेव्हिड सुधारणार. हे पुस्तक आलं त्याच वर्षी, २०१२मध्ये, डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 'डबल एम्पथी'ची कल्पना मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे वाचता येतं? गैरसमज दोन्हीकडून होतो आणि दुरुस्तीचं बिल मात्र एकाच्या नावावर फाटतं. फिंचच्या घरात हे बिल त्याने स्वखुशीने घेतलंय. तरी वाचक म्हणून प्रश्न पडतोच: तो रोज ऑफिसात माणसांसारखा वागून किती थकून येतो, हे या वहीत कोणत्या पानावर आहे?

दुसरी बाजूही आहे. क्रिस्टनने प्रश्नावली शोधली, योग्य वेळ निवडली, शांतपणे शेजारी बसली. त्याला नियम सुचावेत म्हणून कुठे दुखतं ते तिलाच सांगावं लागलं. वही त्याची, पण वहीतली निम्मी माहिती तिची. फिंच हे लपवत नाही. पुस्तकभर तो तिचा ऋणी आहे. पण पुस्तकाचा आकारच 'नवरा कसा सुधारला' असा असल्याने तिचं श्रेय कृतज्ञतेच्या खात्यात जातं, श्रमाच्या नाही. शेवटचा नियम मात्र मला फार आवडला. प्रत्येक गोष्टीचा नियम करू नये, असा तो नियम आहे. दोनशेहून अधिक पानं यादी केल्यावर यादीच्याच शेवटी यादी मिटायची सूचना. इथे फिंच हुशार नवऱ्याचा चांगला लेखक होतो.

*

मे यांच्या पुस्तकात यादी नाही, पायवाट आहे. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत जाणारी ६३० मैलांची, म्हणजे सुमारे हजार किलोमीटरची साउथ वेस्ट कोस्ट पाथ. चाळिशी जवळ आलेली, मुलगा बर्ट अजून लहान, आणि आई असणं आपल्याला झेपत नाही ही भावना कुणाला सांगता येत नाही. म्हणून त्या चालायचं ठरवतात. त्याच काळात गाडीत रेडिओवर एका ऑटिस्टिक बाईची मुलाखत लागते, आणि ऐकता ऐकता त्यांना कळतं की हे तर आपल्याबद्दल चाललंय.

यातलं चालणं हिमालयातल्या एकट्या साधूचं नाही. ते तुकड्यातुकड्यांनी, सुट्टीच्या दिवसांत होतं. नवरा, ज्याला पुस्तकात फक्त 'एच' म्हटलंय, गाडीने सोडतो, बर्टला घेऊन कुठेतरी वेळ काढतो आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाला घ्यायला येतो. त्यामुळे चिखल, पाऊस, चढ-उतार यांचं वर्णन चालू असतानाच मनात घड्याळ चालू राहतं. वेळेत पोचायला हवं, पोरगं वाट बघतंय. हे घड्याळ पुस्तकाला निसर्गलेखनाच्या गोडव्यापासून वाचवतं.

मे यांची खरी ताकद शरीराबद्दल लिहिण्यात आहे. शीर्षकातली वीज म्हणजे माणसांच्या स्पर्शाचा, सान्निध्याचा झटका. लहान मूल म्हणजे सतत स्पर्श, सतत आवाज, सतत मोडलेलं वेळापत्रक. मुलावर जीव आहे आणि त्याचा हात अंगावर पडला की अंग आक्रसतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या न रडता, न शोभवता सांगतात. आईपणाबद्दल इतकं सरळ मी फार कमी वाचलंय. आणि निदानाचा उपयोग त्या फिंचसारखा पुढे पाहायला करत नाहीत, मागे पाहायला करतात. शाळा, मैत्र्या, नोकऱ्या, बाळंतपणानंतरचे दिवस, जे जे 'माझंच काहीतरी चुकतंय' या खात्यात जमा होतं, ते एकेक करून बाहेर काढून नव्याने वाचतात.

माझी तक्रार एचबद्दल आहे. एका अक्षराचा हा माणूस पुस्तकभर गाडी चालवतो, आणि आपल्याला त्याच्याबद्दल फार थोडं कळतं. खासगीपण जपायचं म्हणून हे झालं असेल, पण परिणाम असा होतो की ज्या आधारावर सगळं चालणं उभं आहे, तोच धूसर राहतो. फिंचच्या पुस्तकात क्रिस्टन निदान हसते, चिडते, समोर दिसते. ऑटिस्टिक माणसाचं आत्मकथन आतून लिहिलेलं हवं हे खरं, पण घर एकाच माणसाच्या आत नसतं.

*

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की आणखी एक गोष्ट दिसते. निदानानंतर बाप सुधारायला लागतो आणि ती प्रेमकथा होते. निदानाच्या वाटेवर आई दिवसभर एकटी चालायला जाते आणि तिला पानोपानी स्वतःशी हिशेब द्यावा लागतो. फिंचला पार्टीत जमत नाही तेव्हा विनोद होतो. मे यांना इतर आयांच्या घोळक्यात जमत नाही तेव्हा अपराधीपण येतं. हा फरक दोन लेखकांच्या स्वभावाचा आहे, तसाच नवऱ्याकडून आणि आईकडून असणाऱ्या अपेक्षांचाही आहे.

मला हे निदान अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालं, मुलगा अडीच वर्षांचा असताना. तपासणीत लहानपणाची माहिती लागते म्हणून आईलाही बोलावलं होतं. मी फ्रॉकची लेबलं कापायला लावायचे का, ताटात भाजी आमटीला लागली तर उठून जायचे का, असं विचारत गेले आणि आई प्रत्येक वेळी म्हणत होती, "त्यात काय, मीही तशीच होते." ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो हे वाचलेलं होतं, ते असं ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. आईला कधी कुणी निदान दिलं नाही. तिला 'घुमी' म्हणाले, आणि तिने त्या शब्दाच्या आत पस्तीस वर्षं संसार केला.

म्हणूनच या दोन्ही पुस्तकांत मला एक खोली कमी वाटते. दोन्हीकडे नवरा, बायको आणि मुलं एवढंच घर आहे. आमच्याकडे सासू-सासरे आहेत, रविवारी येणारी नणंद आहे, चैत्रातलं हळदीकुंकू आहे, कुकर, टीव्ही आणि दाराची बेल एकदम वाजणं आहे. मुलींचं आणि बायकांचं निदान उशिरा होतं याचं एक कारण सांगितलं जातं ते म्हणजे मास्किंग: इतरांचं बघून हसणं, डोळ्यांत बघणं, योग्य वेळी योग्य वाक्य टाकणं. पण आपल्याकडे सुनेला हे सगळं शिकवलंच जातं! "आल्यागेल्याशी दोन शब्द बोलावं", "कपाळाला आठी नको", "चहा विचारायचा नसतो, टाकायचा असतो." सूनपणाचं अर्धं प्रशिक्षण म्हणजे मास्किंग. सगळ्याच मुखवटा घालून वावरतात तिथे कुणाला तो टोचतोय हे कसं ओळखायचं? फिंचच्या क्रिस्टनला ते कळलं, कारण तिचा तो पेशा होता. आमच्या घरात बराच काळ सगळ्यांना एवढंच कळत होतं की मी 'लवकर दमते'.

कायद्याने आपण मागे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. पण कायदा प्रमाणपत्र देतो, वाक्य देत नाही. सासूबाईंना काय सांगायचं, मुलाला पाच वर्षांचा झाल्यावर काय सांगायचं, 'आईचे कान दमलेत' हे त्याला आत्ताच पुरेसं आहे का, यासाठी भाषा लागते आणि ती पुस्तकांतून येते. मे वाचल्यावर मला 'अंगावर येतं' हा आपला साधा वाक्प्रचार शब्दशः वापरता यायला लागला. गर्दी अंगावर येते, आवाज अंगावर येतो. नवऱ्याला तो 'सेन्सरी ओव्हरलोड'पेक्षा लवकर कळला.

तेव्हा दोन्ही वाचा, पण क्रम महत्त्वाचा आहे. घरात कुणाचं नव्याने निदान झालं असेल तर जोडीदाराने आधी मे वाचावं आणि निदान झालेल्याने आधी फिंच. उलट वाचलं तर एकाला वाटेल की यादी केली की काम झालं, आणि दुसऱ्याला वाटेल की चालत सुटणं एवढाच मार्ग आहे. आणि कुणीतरी तिसरं पुस्तक मराठीत लिहावं. त्यात पायवाट नसली तरी चालेल. गच्ची असावी, तिथे कपडे वाळत घालायला गेलेली बाई लगेच खाली येत नसावी, आणि खाली तिच्या मुलाला कोण सांभाळतंय त्या माणसाचं पूर्ण नाव त्यात असावं.