बालहिताची कसोटी आणि समलिंगी पालकत्वाचा वाद

समलिंगी जोडप्याच्या हाती मूल सोपवावे की नाही, या वादातील दोन्ही पक्ष 'बालकाचे हित' या एकाच शब्दाचा आश्रय घेतात. एकच शब्द परस्परविरोधी निष्कर्षांना आधार देऊ लागला म्हणजे त्याचा अर्थ गृहीत धरला गेला आहे, तपासला गेलेला नाही, असे समजावयास हरकत नाही. ही तपासणी कशी करावी याचा वस्तुपाठ चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात उपलब्ध आहे. त्या दृष्टीने प्रस्तुत वादाचे परीक्षण उद्बोधक ठरेल.

प्रथम वादाची कायदेशीर बाजू. २०२२ च्या दत्तकविषयक नियमावलीतील कलम ५(३) अन्वये किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असलेल्या जोडप्यासच संयुक्तपणे दत्तक घेता येते. एकट्या स्त्रीस कोणतेही मूल दत्तक घेता येते. एकट्या पुरुषास मुलगी घेता येत नाही. 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे कलम कायम ठेवले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाधिकारास विरोध केला होता, तर दिल्लीच्या आयोगाने त्याचा पुरस्कार केला होता. बालहिताच्या रक्षणार्थ स्थापन झालेल्या दोन संस्था एकाच प्रश्नावर समोरासमोर उभ्या राहाव्यात, ही गोष्ट सूचक आहे.

निकालपत्रांचे वाचन केल्यास मतभेदाचे खरे स्थान वेगळेच असल्याचे ध्यानी येते. विवाहित जोडपीच मुलास स्थैर्य देऊ शकतात, या म्हणण्यास सरकारने कोणतीही आकडेवारी दिली नाही, असे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी नोंदविले, न्या. कौल त्यांच्याशी सहमत झाले. बहुमताच्या बाजूचे न्या. भट यांनीही अविवाहित वा समलिंगी जोडपी चांगले पालक होऊ शकत नाहीत, असे म्हटलेले नाही. संयुक्त दत्तकाचे नियम विवाहाच्या कायदेशीर संरक्षणाशी निगडित असल्याने त्यांत फेरफार करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, ही त्यांची भूमिका होय. म्हणजे पालकांच्या पात्रतेविषयी फारसा वाद उरलाच नाही. वाद उरला तो अधिकारक्षेत्राचा. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. या सर्व व्यवहारात मूल मात्र बाजूसच राहिले. एखाद्या स्त्रीने मूल दत्तक घेतले, आणि पुढे दुसऱ्या स्त्रीसह संसार मांडला, तर मुलाला रोज भरविणारी ती दुसरी स्त्री कायद्याच्या दृष्टीने परकीच ठरते. घर मोडत नाही; मुलाचा त्या दुसऱ्या पालकावरील हक्क तेवढा नाकारला जातो.

मुलाचे हित प्रत्यक्ष मोजावयाचे झाल्यास ते कसे मोजावे? १९८६ साली गडचिरोलीस आलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा नवजात बालकांविषयीचा प्रयोग येथे स्मरणीय आहे. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजातांची काळजी घेतली गेली, आणि ४७ गावे तुलनेसाठी राखली गेली. १९९३ ते १९९५ या काळात प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी सुमारे ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते सुमारे २६ वर आले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजाताचे जगणे आणि मुलाचे संगोपन या भिन्न गोष्टी आहेत, हे उघड आहे. तथापि पद्धतीचा धडा दोहोंस लागू पडतो: तुलनेची गावे नसती, तर घट कशामुळे झाली हे कोणास सांगता आले असते?

हीच कसोटी समलिंगी पालकत्वावरील संशोधनास लावून पाहावी. टेक्सासचे समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांचा २०१२ चा अभ्यास विरोधकांकडून वारंवार पुढे केला जातो. आई वा वडिलांपैकी एकाचा कधी काळी समलिंगी संबंध आला होता, अशा व्यक्तींची तुलना त्यांनी कधीही न मोडलेल्या कुटुंबांतील मुलांशी केली. पहिल्या गटातील बहुतेकांनी आईवडिलांची ताटातूट पाहिलेली होती. समलिंगी जोडप्याच्या घरी दीर्घकाळ वाढलेले त्यांत फारच थोडे होते. मोडलेल्या घराचे दुःख येथे समलिंगी घराच्या नावे जमा झाले. पुढे २०१५ साली चेंग व पॉवेल यांनी हीच सामग्री पुन्हा तपासली, तेव्हा त्या निष्कर्षांचा पाया डळमळीत असल्याचे दिसून आले.

परंतु समर्थकांचे पुरावेही निर्दोष नव्हेत. अमेरिकेत १९८६ सालीच सुरू झालेला नॅनेट गार्ट्रेल यांचा दीर्घकालीन अभ्यास मुलांच्या समाधानकारक वाढीची ग्वाही देतो. पण त्यातील कुटुंबे स्वेच्छेने पुढे आलेली आणि संख्येने शंभराच्या आतली. अशा गटावरून सर्वसामान्य सिद्धान्त काढणे धाडसाचे होय. नेदरलँड्समध्ये संपूर्ण लोकसंख्येच्या नोंदींवर आधारलेला २०२० चा अभ्यास या दोषापासून पुष्कळसा मुक्त आहे. जन्मापासून समलिंगी पालकांकडे वाढलेली मुले शाळेत मागे पडत नाहीत, उलट काहीशी पुढेच असतात, असे त्यात आढळले. मात्र ही कुटुंबे तुलनेने सधन असतात, आणि तो हिशेब धरल्यावर फरक आकसतो, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. तेव्हा हानीचा पक्ष सिद्ध झालेला नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते. श्रेष्ठत्वाचा दावा करण्याचे कारण नाही, आणि गरजही नाही.

अखेरीस, आईवडिलांची जोडी हीच बालहिताची अनिवार्य अट मानणाऱ्यांनी भामरागड, एटापल्ली, अहेरी या तालुक्यांकडे एकवार पाहावे. येथील अनेक आदिवासी मुले कोवळ्या वयात आश्रमशाळेत दाखल होतात आणि वर्षाचा मोठा काळ आई व वडील या दोघांपासूनही दूर काढतात. ही व्यवस्था शासनानेच शिक्षणाच्या हेतूने उभारली आहे. तिचे मूल्यमापन करताना आहार, आरोग्य, सुरक्षितता, शिक्षण आणि माया लावणारे कोणी आहे की नाही, याच गोष्टी विचारल्या जातात, आणि ते योग्यच आहे. जी कसोटी वसतिगृहास पुरेशी ठरते, ती घराला का पुरू नये? घराचा आकार आधी ठरवून मग बालहित शोधावयाचे, हा क्रम उलटा आहे. गडचिरोलीत तान्ह्या मुलाचे वजन करणाऱ्या आरोग्यदूताने तो उलटा धरला असता, तर हाती आले ते आकडे कधीच आले नसते.