श्वास मोजणारा शोधनिबंध : एक पुनर्वाचन

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात १९९० साली गडचिरोलीतील बालन्यूमोनियावर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ या संस्थेतील त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात हा निबंध नावाजला गेला. पण विज्ञानशिक्षकाने तो आणखी एका कारणासाठी वाचावा. दाह, प्रतिकारशक्ती आणि संसर्ग हे विषय आपण वर्गात तीन वेगळ्या तासांना शिकवतो. इथे ते एकाच मुलाच्या छातीत एकत्र येतात.

गडचिरोली हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला जंगलव्याप्त जिल्हा. तेथील ५८ गावांत प्रयोग झाला, ४४ गावे तुलनेसाठी होती. प्रयोगाच्या गावांत लोकांना न्यूमोनियाची माहिती दिली गेली. आरोग्य कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि सुइणी यांना रोग ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे औषध द्यायला शिकवले गेले. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू या गावांत ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५ होते. एकूण बालमृत्यूंचे आकडे अनुक्रमे २८.५ आणि ४०.७.

ना क्ष-किरण यंत्र, ना प्रयोगशाळा. मग रोग ओळखला कसा? मुख्यतः श्वास मोजून. याचे उत्तर दाहाच्या क्रियेत आहे. लाली, उष्णता, सूज व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली. पायात काटा रुतून पिकला की ती डोळ्यांना दिसतात. फुप्फुसातही तेच घडते. जंतू शिरताच केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर येऊन वायुकोशांत साठतात. बोटाला आलेली सूज निभावते. वायुकोश भरला तर हवेला जागा उरत नाही. फुप्फुस ताठर होते, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मूल भराभर श्वास घेऊ लागते. म्हणून मिनिटातले श्वास मोजणे म्हणजे आतला दाह बाहेरून मोजणे. आकडेमोड न येणाऱ्या सुइणींसाठी याच गटाने पुढे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर धोका. शरीरक्रियेचे ज्ञान इतक्या साध्या वस्तूत उतरल्याची उदाहरणे थोडीच असतील.

निबंधाच्या मर्यादाही पाहायला हव्यात. गावांची दोन गटांत वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे होते असे म्हणता येत नाही. वेगवान श्वास जंतू कोणता ते सांगत नाही. विषाणूमुळे झालेल्या न्यूमोनियातही श्वास वाढतो, आणि हिवतापातही वाढू शकतो; हा जिल्हा तर हिवतापाचाच. गरज नसताना दिलेल्या प्रतिजैविकामुळे औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. आज जागतिक आरोग्य संघटना अशा न्यूमोनियासाठी अॅमॉक्सिसिलिन सुचवते.

सर्वांत महत्त्वाचा आक्षेप शरीरशास्त्रातूनच येतो. दाह ही शरीराने दिलेली लढत आहे, आणि लढतीसाठी बळ लागते. प्रतिकारशक्तीचा अभाव म्हटले की विद्यार्थ्यांना फक्त एड्स आठवतो. प्रत्यक्षात जगभर त्याचे फार मोठे कारण कुपोषण आहे. तीव्र कुपोषणात यौवनलोपी ग्रंथी आक्रसते, संरक्षक पेशींचे काम मंदावते, स्नायू थकतात. अशा मुलाला जंतुसंसर्ग होऊनही ताप येत नाही, श्वासही पुरेसा वाढत नाही. म्हणजे ज्याला धोका सर्वाधिक, त्याच्याच बाबतीत मोजणी फसू शकते.

याचे उत्तर त्याच गटाच्या पुढच्या कामात दिसते. नवजात अर्भकांच्या घरीच घ्यायच्या काळजीवरील त्यांचा निबंध १९९९ मध्ये आला. तेथे जंतुदोष ओळखताना केवळ श्वासावर भिस्त नव्हती. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, अंग गार पडणे अशी लक्षणेही धरली गेली. लढतीच्या खुणांबरोबर लढत हरत असल्याच्या खुणाही वाचायला हव्यात, हे त्यात मान्य झाले. तरीही औषधाने एक आजार टळतो. भुकेने आलेली दुर्बलता तशीच राहते आणि पुढच्या जंतूची वाट मोकळी असते.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना प्रथम स्वस्थ बसून एक मिनिट स्वतःचे श्वास मोजू द्यावेत. मग आजचे निकष फळ्यावर लिहावेत : दोन महिन्यांखाली ६०, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान. शेवटी विचारावे : दोन मुलांना एकाच जंतूचा संसर्ग झाला; एकाला ताप आणि धाप आहे, दुसरे गप्प पडून आहे. आधी कोणाला दवाखान्यात न्याल, आणि का? या प्रश्नाचे उत्तर कारणासह देता आले, तर तिन्ही धडे समजले असे मानायला हरकत नाही.