पायरीचा खर्च कोणाच्या माथी?

कॅलिफोर्नियात दुकान, उपाहारगृह किंवा दवाखाना चालवणाऱ्या आपल्या मंडळींच्या कानावर अलीकडे एक योजना येऊ लागली आहे. दाराशी पायरी असेल, दार जड असेल, स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची वळत नसेल, तर ते दुरुस्त करून घ्यायला शहर थोडे पैसे देतं. रक्कम गावोगावी वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोने छोट्या व्यावसायिकांना अशा कामासाठी दहा हजार डॉलरपर्यंत देऊ केले होते. हेतू उत्तम आहे, त्याविरुद्ध बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. माझी तक्रार पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल आहे. या पद्धतीने दुकानदाराच्या डोक्यावरची खटल्याची टांगती तलवार थोडी वर सरकते; पण दाराबाहेर थांबलेलं गिऱ्हाईक आत येईल की नाही, हे कोणीच पाहत नाही.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अपंग कार्यकर्त्यांनी कुबड्या आणि चाकांच्या खुर्च्या खाली ठेवल्या आणि कॅपिटॉलच्या पायऱ्या सरपटत चढल्या. त्याच वर्षी २६ जुलैला एडीए कायद्यावर सही झाली. (भारतात २०१५ च्या अखेरीपासून 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मी अपंग असंच लिहितो. सात इंची पायरीपुढे अडलेल्या माणसाच्या अडचणीत मला दिव्य असं काही दिसत नाही.) या कायद्याने जुन्या दुकानांनाही सांगितलं की, फारसा त्रास व खर्च न पडता जे अडथळे काढता येतील, ते काढलेच पाहिजेत. मात्र दुकानोदुकानी जाऊन तपासणी करणारा निरीक्षक काही कायद्याने नेमला नाही. केंद्राचं न्यायखातं लक्ष घालू शकतं, पण एवढ्या दुकानांमागे ते किती धावणार? अंमलबजावणीचा बराचसा भार अडलेल्या माणसाने कोर्टात जाण्यावर टाकला गेला.

केंद्राच्या कायद्याखाली अशा माणसाला नुकसानभरपाई मिळत नाही. अडथळा काढण्याचा हुकूम आणि वकिलाची फी, एवढंच. कॅलिफोर्नियात मात्र १९५९ चा अनरू कायदा आहे आणि त्याखाली भरपाई किमान चार हजार डॉलर. त्यामुळे इथे दावे भराभर पडतात. एकाच नावाने शेकडो दावे लावणारे लोक आहेत, हे खरं. आपल्या दुकानदारांच्या गप्पांत त्यांच्याखेरीज दुसरा विषय नसतो, आणि त्या गप्पा ऐकून असं वाटावं की अपंग गिऱ्हाईक ही वकिलांनी काढलेली कल्पना आहे! निरीक्षक नेमला नाही की त्याची जागा कोणीतरी घेतंच. तो माणूस आपल्याला आवडेलच असं नाही.

अनुदान आलं ते या भीतीवर उतारा म्हणून, आणि त्याचे दोष तिथूनच सुरू होतात.

आमच्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत. त्यांचा अर्ज भरायला मी दोन शनिवार बसलो होतो. दाराशी सात इंचांची एकच पायरी. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सात इंचांना सात फूट झाले. वर दारापाशी खुर्ची सपाट उभी राहायला पाच फूट हवेत, ते वेगळे. दुकान थेट फुटपाथवर उघडतं. उतार बाहेर काढायचा तर फुटपाथ शहराचा, त्याची परवानगी दुसऱ्या खात्याकडे. आत घ्यायचा तर तेवढी जागा विक्रीतून जाते, आणि भाडं चौरस फुटावर चालूच राहतं. उचलून ठेवायची फळी वापरावी म्हटलं, तर नियम सांगतो की कायमचा उतार सहजी जमत नसेल तेव्हाच ती चालेल. आणि हे सगळं जुळवून आणलं तरी काम आधी स्वतःच्या पैशाने करायचं, पावत्या जोडायच्या आणि मग परतावा येण्याची वाट पाहायची.

बँकेत दहा-पंधरा हजार डॉलर पडून असलेल्या दुकानदाराला ही योजना सोयीची आहे. त्याने कदाचित अनुदानाशिवायही काम केलं असतं. ज्याचा महिना उधारीवर जातो त्याला परताव्याचं आश्वासन काय कामाचं? आमच्या या गृहस्थांच्या भाडेकराराची तीनच वर्षं उरली होती. घरमालक म्हणाला, "खुशाल करा, माझी हरकत नाही." म्हणजे खर्च भाडेकरूचा आणि सुधारलेलं दार मालकाचं. वास्तविक एडीएच्या नजरेत मालक आणि भाडेकरू दोघंही जबाबदार आहेत; कोणी काय करायचं ते आपसात करारात ठरवता येतं. पण करार लिहितो कोण आणि खाली नुसती सही करतो कोण, हे दुकान भाड्याने घेतलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तो अर्ज आम्ही पाठवलाच नाही. पायरी आहे तिथेच आहे.

केंद्र सरकारची करसवलतही आहे, तिचंही थोडं पाहू. कलम ४४ खाली छोट्या व्यवसायाला २५० डॉलरच्या वरच्या आणि १०,२५० डॉलरपर्यंतच्या खर्चाचा निम्मा भाग करातून वजा मिळतो. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त पाच हजार. हा आकडा १९९० साली ठरला आणि आजतागायत तोच आहे. त्या वर्षी दहा हजारांत गवंडी, सुतार आणि नळवाला मिळून जेवढं काम करत, तेवढ्यात आज काय होतं ते घराची डागडुजी केलेल्या वाचकांना सांगायला नको. शिवाय ५ नोव्हेंबर १९९० नंतर वापरात आलेल्या इमारतीतले अडथळे काढायला ही सवलत नाही. तर्क सरळ आहे: नवी इमारत मुळातच नियमाप्रमाणे बांधलेली असायला हवी. नसली तर भुर्दंड मात्र आजच्या भाडेकरूला.

मग शहरांकडे अनुदानाला पैसे येतात कुठून? २०१२ च्या एका कायद्याने राज्यात व्यवसायाचा परवाना घेताना आणि नूतनीकरणाच्या वेळी एक डॉलर जादा घ्यायला सुरुवात झाली. २०१८ पासून त्याचे चार डॉलर झाले, आणि २०२२ च्या कायद्याने ते चार डॉलर कायम केले. यातले नव्वद टक्के शहराकडे राहतात. प्रमाणित तपासनीस वाढवायला ते वापरता येतात, तसंच छोट्या दुकानांच्या प्रत्यक्ष बांधकामाला मदत म्हणूनही. आता हिशोब करू. समजा, एखाद्या गावात पाच हजार परवाने आहेत. वर्षाचे वीस हजार डॉलर जमले, त्यातले अठरा हजार गावाकडे राहिले. दहा हजारांची दोन अनुदानंही यात बसत नाहीत. मोठी शहरं यात आपले पैसे घालू शकतात. लहान गावात हा निधी म्हणजे हळदीकुंकवाचं वाण.

एवढ्या थोड्या पैशाचं काय करावं, यावर माझं मत स्पष्ट आहे. परतावा देत बसण्यापेक्षा आधी तपासनीस फुकट पाठवा. पहिली मदत पैशाची नको, माहितीची हवी. पुष्कळ अडथळे स्वस्त असतात. गोल मुठीऐवजी दांड्याची कडी, दार ढकलायला फार जोर लागू नये म्हणून सैल केलेली स्प्रिंग, खाली आणलेला आरसा. मोठी कामं, म्हणजे पायरी आणि स्वच्छतागृह, यांचे पैसे इमारतीच्या नावाने द्या आणि त्यात मालकाचा हिस्सा सक्तीचा ठेवा. दुकानं येतात-जातात, दार राहतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये प्रवेशद्वारांसाठी कायदा केला, तेव्हा जबाबदारी इमारतीच्या मालकावर टाकली होती. ती दिशा मला बरोबर वाटते. मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली, ही गोष्ट निराळी.

राहिला मुद्दा तपासण्याचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्याच्यासाठी काम केलं त्याने वापरून पाहिल्याशिवाय काम संपलं असं धरत नाहीत. निदान धरू नये. इथे पावती जोडली की फाईल बंद. खुर्चीवरचा एखादा माणूस त्या दारातून आत जाऊन गल्ल्यापर्यंत पोचला का, हा प्रश्न मी पाहिलेल्या एकाही अर्जात नव्हता. समजा, उतार झाला, दार रुंद झालं, आणि आत गेल्यावर? आपल्या किराणा दुकानांत कपाटांमधल्या वाटेवर तांदळाची वीस पौंडी पोती, आंब्याच्या मोसमात पेट्या आणि दिवाळीत मिठाईचे खोके. नियमाने वाट छत्तीस इंच मोकळी हवी. ती मोकळी ठेवायला अनुदान लागत नाही, आणि कोणतंही अनुदान ती ठेवूही शकत नाही.

हा विषय आपल्या अंकात का, असं कोणी विचारील. नव्वदच्या दशकात इथे आलेली पिढी आता साठीच्या आसपास आहे. त्यांचे आणि आमचेही आईवडील उन्हाळ्यात येतात, गुडघे घेऊन येतात. दुकानात मेथी आणि कोथिंबीर स्वतः निवडून घ्यायची त्यांना हौस असते. माझी आई गेल्या वेळी गाडीतच बसून राहिली, "तूच आण, मी बसते" म्हणत. ती हे जितक्या सहज म्हणाली, तितक्या सहज म्हणण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

वाचकांपैकी ज्यांची दुकानं आहेत त्यांनी एक करावं: नवा भाडेकरार करताना जागेची प्रमाणित तपासनीसाकडून तपासणी झाली आहे का, ते वाचावं. १ जुलै २०१३ पासून मालकाला ते करारात नमूद करावंच लागतं. आणि ज्यांची दुकानं नाहीत त्यांनी नगरपालिकेत विचारावं की त्या चार डॉलरचे गेल्या वर्षी किती जमले आणि कुठे गेले. शहरांना याचा वार्षिक अहवाल राज्याकडे द्यावा लागतो, तेव्हा आकडा त्यांच्याजवळ असणार.