अबू माशर अल्-बल्खी : जीवन, ग्रंथकर्तृत्व आणि त्याच्या युक्तिवादाची मर्यादा

प्रस्तावना :

मध्ययुगीन फलज्योतिषाच्या इतिहासात अबू माशर अल्-बल्खी (इ. स. ७८७–८८६) याचे स्थान अनन्यसाधारण आहे. या फारसी विद्वानाने अरबीत ग्रंथरचना केली आणि लॅटिन युरोपात तो 'अल्बुमासर' या नावाने ओळखला गेला. केवळ त्याच्या भाकितांच्या खरेखोटेपणावरून त्याचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते. फलज्योतिष हे निसर्गाच्या ज्ञानाचेच एक अंग आहे, असे त्याने युक्तिवादाने सिद्ध करू पाहिले. हा युक्तिवाद कोठपर्यंत टिकतो, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीवन :

अबू माशर याचा जन्म खुरासानातील बल्ख या नगरात झाला. हे नगर आज अफगाणिस्तानात आहे. इराणी, ग्रीक आणि भारतीय विचारप्रवाहांचा संगम या प्रदेशात झालेला होता. पुढे अब्बासी खिलाफतीची राजधानी असलेले बगदाद ही त्याची कर्मभूमी ठरली. इब्न अल्-नदीम याने दहाव्या शतकातील 'अल्-फिहरिस्त' या ग्रंथसूचीत दिलेल्या वृत्तांतानुसार, अबू माशर आरंभी हदीसचा अभ्यासक आणि तत्त्ववेत्ता अल्-किंदी याचा विरोधक होता; वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षानंतर तो ज्योतिषाकडे वळला. एक भाकीत खरे ठरल्यामुळे खलिफा अल्-मुस्तईन याने त्याला फटके मारविले, अशी आख्यायिकाही तेथे आढळते. राजसत्तेचे भवितव्य सांगणारी विद्या सत्तेला हवीशी असे आणि धोक्याचीही वाटे, हे यावरून सूचित होते. इराकमधील वासित येथे त्याचा मृत्यू झाला.

ग्रंथकर्तृत्व :

'किताब अल्-मुद्खल अल्-कबीर' हा त्याचा आठ भागांचा प्रमुख ग्रंथ नवव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झाला. सेव्हिलचा जॉन याने ११३३ मध्ये आणि कॅरिंथियाचा हर्मन याने ११४० मध्ये त्याचे लॅटिन अनुवाद केले. ॲरिस्टॉटलचा निसर्गविचार पश्चिम युरोपात पोहोचविण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा होता, असे प्रतिपादन रिचर्ड लमे यांनी १९६२ मध्ये केले.

या ग्रंथात द्रेष्काणांची, म्हणजे राशीच्या दहा-दहा अंशांच्या विभागांची, वर्णने ग्रीक, फारसी आणि भारतीय अशा तीन परंपरांनुसार दिली आहेत. त्यांतील भारतीय वर्णने वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'तील वर्णनांशी जुळतात. इटलीतील फेरारा येथील स्किफानोया प्रासादातील पंधराव्या शतकातील भित्तिचित्रांत याच आकृती उतरल्या आहेत, हे आबी वारबुर्ग यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले.

'किताब अल्-किरानात' या ग्रंथात गुरू-शनी यांच्या सुमारे २० वर्षांनी होणाऱ्या युतींशी राजवंश व धर्म यांच्या उदयास्ताचा संबंध जोडला आहे. ही कल्पना मूळची सासानी इराणची होय. 'किताब अल्-उलूफ' हा ग्रंथ आज मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. डेव्हिड पिंग्री यांनी १९६८ मध्ये अवशिष्ट उताऱ्यांवरून त्याची मांडणी स्पष्ट केली. त्यात ३,६०,००० वर्षांचे कालचक्र असून महापुराचा काळ इ. स. पू. ३१०२ मानला आहे. भारतीय गणितात हाच कलियुगारंभ होय.

युक्तिवादाचे परीक्षण :

अबू माशर याचा सर्वांत प्रभावी दाखला भरती-ओहोटीचा आहे. चंद्राच्या स्थितीनुसार समुद्र चढतो-उतरतो. म्हणजे आकाशस्थ पिंड पृथ्वीवर परिणाम घडवितात. येथपर्यंतचे निरीक्षण यथार्थ आहे. तथापि भरती नियमित असते आणि ती कोणालाही पुनःपुन्हा पडताळता येते. व्यक्तीचे आयुष्य, विवाह किंवा राज्यप्राप्ती यांना तो नियम लागू करताना मधला कार्यकारणभाव दाखविला जात नाही. ग्रहांचे पुरुष-स्त्री, शुभ-अशुभ असे वर्गीकरण परंपरेतून घेतलेले आहे. चंद्राच्या दाखल्यातून ते निष्पन्न होत नाही.

कालचक्राच्या गणितातही हाच दोष आढळतो. सर्व ग्रह एकाच बिंदूत येण्याचा काळ ग्रहगतीच्या गृहीत मूल्यांवर अवलंबून असतो. मूल्ये बदलली की चक्रही बदलते. इ. स. १००० च्या सुमारास अल्-बीरूनी याने नेमक्या याच मुद्द्यावर अबू माशरवर टीका केली. अल्-बीरूनी स्वतः ज्योतिषावर ग्रंथ लिहिणारा विद्वान असल्याने या टीकेला विशेष वजन प्राप्त होते.

निष्कर्ष :

अबू माशर याने तीन संस्कृतींचे ज्ञान एकत्र गुंफले आणि फलज्योतिषाला कारणमीमांसेची भाषा दिली, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय होय. मात्र एका क्षेत्रातील सत्य निरीक्षणाच्या बळावर दुसऱ्या क्षेत्रातील असिद्ध विधाने ग्राह्य ठरत नाहीत. शास्त्रीय परिभाषा वापरली म्हणजे विधान शास्त्रीय होते, असा समज दृढ होण्यास अशा ग्रंथांनी हातभार लावला. म्हणून त्याच्या ग्रंथांचे वाचन विद्येच्या प्रवासाचा दस्तऐवज म्हणून आदराने, परंतु त्यांतील दाव्यांचे वाचन चिकित्सकपणेच करावयास हवे.